स्नोमोबाइलचा खडखडाट : दोष नेहमी शॉकचाच नसतो

गुलमर्गला भाड्याच्या स्नोमोबाइलवर एक फेरी मारून येणाऱ्या पर्यटकाला इंजिनच्या गोंगाटापलीकडे काही ऐकू येत नाही. क्वेबेक किंवा मिनेसोटात मात्र लोक हिवाळाभर ही गाडी दामटतात आणि खालून येणारा ‘खाड’ आवाज तिथे नित्याचा असतो. त्यावरचा निकालही ठरलेला : शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेला. महागाचा भाग आधी बदलायचा आणि आवाज तसाच राहिला की मग विचार करायचा, ही सवय खिशाला परवडणारी नाही.

आधी रचना पाहू. पुढे दोन स्की. प्रत्येकीला आर्म, बॉल जॉइंट आणि शॉक. मागे रबरी ट्रॅक आणि त्याच्या पोटात स्किड नावाचा सांगाडा : दोन रेल, शॉक, स्प्रिंगा, लहान चाकं. जोसेफ-आर्मान बोंबार्दिए यांच्या कंपनीने १९५९ मध्ये आणलेल्या स्की-डूमध्ये ट्रॅक चाकांच्या बोगीवर चालायचा. पुढे रेल आल्या. आता ट्रॅकच्या धातूच्या क्लिपा रेलला लावलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवर घासत सरकतात आणि त्या पट्टीला वंगण कशाचं, तर उडणाऱ्या बर्फाचं.

गैरसमज : जोरात ‘खाडखाड’ म्हणजे शॉक तुटला

हा आवाज नेमका कधी येतो, ते आधी पाहा. एकदम थ्रॉटल दिल्यावर किंवा करकचून ब्रेक दाबल्यावरच येत असेल, तर संशय ट्रॅकवर घ्यावा. ट्रॅक सैल असला की ड्राइव्ह शाफ्टवरच्या चक्रांचे दात ट्रॅकच्या आतल्या उंचवट्यांवरून उडी मारतात. प्रत्येक उडीला एक दणका. ऐकणाऱ्याला वाटतं, खाली काहीतरी मोडलं. उपाय म्हणजे ताण तपासणं : मॅन्युअलमध्ये दिलेलं वजन ट्रॅकच्या मध्यावर लावून तो किती खाली येतो ते मोजायचं आणि दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवायचे. नवा ट्रॅक सुरुवातीला ताणला जातो, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा मोजावं लागतं.

इथे दुसरी चूक लगेच होते. आवाज नको म्हणून ट्रॅक तारेसारखा ताणला जातो. मग इंजिनची ताकद वाया जाते, प्लास्टिकची पट्टी आणि चाकांची बेअरिंगं लवकर झिजतात. शांत झालेली गाडी बरी झाली असं समजू नये.

खड्ड्यावरून उडाल्यावर मागचा भाग वर येताना ‘टक्’ होत असेल, तर लिमिटर पट्टे पाहा. स्किडचा पुढचा आर्म किती खाली जाईल हे तेच ठरवतात. पट्टा फाटला, बोल्ट निसटला किंवा थांबे म्हणून बसवलेले रबराचे ठोकळे झिजले की धातू धातूवर आपटतो. मोठ्या उडीनंतर सस्पेन्शन क्वचित तळाला टेकणं हा मात्र बिघाड नाही. कधीच तळ न गाठणारं सस्पेन्शन बहुधा गरजेपेक्षा कडक लावलेलं असतं.

गैरसमज : शॉकमधून ‘स्स्’ आलं की गॅस गळतोय

शॉक दाबताना तेल बारीक व्हॉल्व्हमधून जातं, त्याचा तो आवाज. खराब शॉक उलट बरेचदा मुकाट असतो. दांड्यावर तेलाचा ओशटपणा दिसला तर सील गेलं. गॅस भरलेला शॉक स्प्रिंगेतून सोडवून आत दाबला की दांडा आपोआप बाहेर यायला हवा. आला नाही तर गॅस संपला. शॉककडून खडखड येत असेल, तर त्याच्या दोन्ही टोकांचे बुश आधी हलवून पाहा. बुश शॉकपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

गैरसमज : करकर आली की ग्रीस भरावं

जिथे ग्रीस निपल आहे तिथे जरूर भरावं, तेही आतलं पाणी आणि घाण बाहेर पडेपर्यंत. पण चाकांची बेअरिंगं बंद सीलची असतात. ती घरघरू लागली की बदलायचीच. गाडी धुताना जोरदार फवारा थेट त्यांच्यावर मारला तर पाणी सीलच्या आत शिरतं, तेही टाळावं. रेलच्या पट्टीला तर ग्रीस लावूच नये. कठीण बर्फावरून, विशेषतः गोठलेल्या तळ्यावरून जाताना ती कोरडी पडते, तापते आणि किंचाळते. त्यासाठी रेलला बर्फ खरवडून उडवणारे स्क्रॅचर लावतात. गॅरेजमध्ये मागचा भाग उचलून ट्रॅक फिरवला तरी हीच किंचाळ ऐकू येते, आणि बर्फ नसताना ती येणारच. पट्टीवर थोडं पाणी मारून पुन्हा ऐका.

पुढच्या भागाची तपासणी सोपी आहे. पुढचा भाग उचलून स्कीचं टोक धरून हलवा. दुसऱ्याने बॉल जॉइंट आणि टाय-रॉडच्या टोकांवर बोट ठेवावं. ढिलाई कानाआधी बोटाला कळते. स्कीखालचं रबर झिजलं असेल तर कडक वाटेवर स्की फडफडते. तो आवाजही लोक सर्रास शॉकच्या खात्यावर टाकतात.

आणखी एक : स्किडमध्ये साचलेला बर्फ रात्री गोठतो. सकाळी निघताना होणारे दणके बर्फ झाडल्यावर गेले, तर पाने हाती घ्यायची गरज नाही.

तपासताना ट्रॅक फिरवायचाच असेल, तर गाडी स्टँडवर घट्ट बसवा आणि मागे कोणालाही उभं राहू देऊ नका. ट्रॅकमधला सैल खिळा किंवा अडकलेला दगड सुटला, तर तो थेट मागेच उडतो.