तासाभरात फुटलेली 'साइक'

मोठे क्वांटम संगणक आले की आरएसए ही आजची प्रचलित कूटपद्धती टिकणार नाही. म्हणून अमेरिकेची 'निस्ट' ही संस्था २०१६पासून नव्या कूटपद्धती पारखतेय. त्यातली 'साइक' जुलै २०२२मध्ये चौथ्या फेरीत पोचली आणि त्याच महिन्यात बेल्जियमच्या ल्यूव्हन विद्यापीठातल्या वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी ती फोडली! तीही क्वांटम संगणकाशिवाय. साध्या प्रोसेसरचा एक कोअर, वेळ सुमारे तासभर. हत्यार होतं अर्न्स्ट कानी यांचं १९९७चं, निखळ शुद्ध गणितातलं प्रमेय. पंचवीस वर्षं ते सगळ्यांसमोर होतं! प्रमाण ठरण्याआधीच 'साइक' फुटली, हे फार बरं झालं. पुढे ऑगस्ट २०२४मध्ये 'एमएल-केम' ही दुसरी कूटपद्धती प्रमाण ठरली. तिची पारख अजून चालू आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांनो, कास्ट्रिक-डेक्रूंचा शोधनिबंध इंटरनेटवर मोफत मिळतो, जरूर वाचा.