प्रवास रद्द झाला, दाखला घेतला का?

आगाशी, नंदाखाल, निर्मळकडचे वाडीवाले आता विमानाने जातात. कोणी आखातात मुलाकडे, कोणी जेरुसलेमच्या यात्रेला. ऐन निघताना आजारपण आले तर तिकिटाचे बुडालेले पैसे प्रवास विम्यातून मिळू शकतात. तशी तरतूद आपल्या पॉलिसीत आहे ना, हे मात्र आधी पाहावे.

दावा अडतो तो डॉक्टरांच्या दाखल्यावर. नुसते ‘विश्रांती घ्यावी’ लिहून भागत नाही. आजाराचे नाव, तपासणीची तारीख, ‘अमुक तारखेपर्यंत प्रवास करू नये’ असा स्पष्ट शेरा, सही-शिक्का व डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. दाखला प्रवासाच्या तारखेआधीच घ्यावा. मागाहून आणलेल्या कागदावर शंका येते. जुना मधुमेह, रक्तदाब असेल तर विमा घेतानाच सांगून टाकावा.

दवाखाना कागद देत नाही? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. लेखी अर्ज करा, पोच घ्या.

कंपनीने दावा नाकारला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही. सातबारा जपता, तसाच हा दाखलाही जपा.