स्वस्त फोन घेताना हे तपासा

● रॅम : किमान ४ जीबी हवी. ‘४+४’ या आकड्याला भुलू नका. दुसरे ४ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, त्यांना खऱ्या रॅमचा वेग नसतो.

● स्टोरेज : परवडत असेल तर १२८ जीबी घ्या. ६४ जीबीतली बरीच जागा अँड्रॉइड आणि आधीपासूनची अ‍ॅप्सच व्यापतात.

● सुरक्षा अपडेट : किती वर्षे मिळणार, हे विचाराच. यूपीआय वापरणाऱ्यांसाठी कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा हे महत्त्वाचे.

● दुकानात : स्क्रीन उन्हात वाचून पाहा, एक फोन लावून आवाज ऐका.

● अस्सलपणा : *#०६# डायल करून १५ अंकी आयएमईआय पाहा. इंग्रजीत ‘केवायएम’, जागा सोडून तो क्रमांक लिहा आणि १४४२२ वर एसएमएस करा. जुना फोन घेताना ही तपासणी टाळू नका.