फैजपूर आणि फिलाडेल्फिया

आपल्या पहूरपासून फार दूर नसलेल्या फैजपुरात डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, आणि नंदलाल बोस यांनी बांबूंच्या कामाने सजविलेल्या त्या टिळकनगरात, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, ब्रिटिशांचा 1935 चा हिंदुस्थान सरकार कायदा नामंजूर करून प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटनासमितीची मागणी करणारा ठराव मंजूर झाला, ही गोष्ट खानदेशातील प्रत्येक मुलास शाळेतच कळावयास हवी. या मागणीची तुलना अमेरिकेशी करून पाहावी. अमेरिकेची घटना 1787 मध्ये फिलाडेल्फियात बंद दाराआड सिद्ध झाली; तिची गरज पडली, कारण तेथील पूर्वीच्या मध्यवर्ती सरकारास कर बसविण्याचाही अखत्यार नव्हता. परंतु तेथे प्रतिनिधिसंख्या ठरविताना गुलाम माणूस तीनपंचमांशच मोजला गेला. म्हणूनच फैजपूरची मागणी मला अधिक थोर वाटते. प्रत्यक्षात आपली 1946 ची घटनासमिती मात्र प्रांतिक कायदेमंडळांच्या मतांनी निवडली गेली.