मोठ्या बटणाच्या नादात रिफंड गेला!

पहाटे साडेपाचला मेसेज आला. दिल्लीतल्या धुक्यामुळे विमान रद्द. पुणे विमानतळावर आम्ही चौघं, डोळ्यांवर झोप. मेसेजमधली लिंक उघडली तर समोर मोठ्ठं बटण, ‘व्हाउचर स्वीकारा’. त्याखाली बारीक अक्षरांत ‘इतर पर्याय’. तिकिटं मैत्रिणीनं काढली होती, बाबांच्या कार्डवर. आम्ही तिला आपापला वाटा यूपीआयनं दिलेला. तिनं पटकन मोठं बटण दाबलं.

व्हाउचरची मुदत सहा महिने. त्यात सेमिस्टर, मग प्रोजेक्ट, मग एकीची इंटर्नशिप. चौघांची सुट्टी काही जुळली नाही आणि व्हाउचर संपलं. प्रत्येकाचे दोनेक महिन्यांच्या मेसचे पैसे गेले. कस्टमर केअरचं उत्तर एकच, ‘तुम्हीच स्वीकारलंत ना!’

आणि इथेच गोम आहे. डीजीसीएचा नियम सांगतो की, रिफंडची रक्कम कंपनीकडे ‘क्रेडिट शेल’ म्हणून ठेवायची की नाही, हे प्रवाशानं ठरवायचं. कंपनीनं ते परस्पर गळ्यात मारायचं नाही. कंपनीनं विमान रद्द केलं तर दुसरं विमान घ्या किंवा पूर्ण पैसे, निवड तुमची. धुकं-वादळ असेल तर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, हे खरं. पण तिकिटाचे पैसे म्हणजे भरपाई नव्हे, ते आपलेच असतात.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोचा गोंधळ आठवतोय? सरकारनं ७ तारखेच्या रात्री आठपर्यंत रिफंड द्यायला सांगितलं. ज्यांचे जास्त हाल झाले त्यांना कंपनीनं दहा हजारांची व्हाउचर्स जाहीर केली, पण रिफंडच्या बदल्यात नाही, वरून. असं व्हाउचर खुशाल घ्या. दर दिवाळीला विमानानंच घरी जाणाऱ्याला साधंही चालेल, मुदत तेवढी बघा. मात्र कंपनीच बंद पडली तर? गो फर्स्टची विमानं मे २०२३ मध्ये थांबली ती थांबलीच. लोक पैशांसाठी ताटकळत बसले.

आणखी एक, जे मला हा लेख लिहिताना कळलं. तुम्ही स्वतः ‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट रद्द केलंत, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. ते मागायचं असतं, हेच आपल्याला माहीत नसतं.

तर, रद्दचा मेसेज आला की आधी स्क्रीनशॉट. मग ‘इतर पर्याय’. कंपनी दाद देत नसेल तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन लावा. मैत्रिणीच्या बाबांना अजून आम्ही व्हाउचरचं सांगितलेलं नाही.