खणलेल्या जमिनीची चित्रं

निसर्गचित्र म्हटलं की आपल्याला घाट आठवतो, नदी आठवते, काठावरचं देऊळ आठवतं. चित्रकार अबालाल रहिमान यांनी कोल्हापूरचं कोटितीर्थ रंगवलं; पाण्याची, उन्हाची ती ओढ आपल्याकडच्या जलरंगांत पुढे कित्येक पिढ्या टिकली. अशा चित्रांत माणूस असतो, पण बहुधा झाडाची उंची कळावी एवढ्यापुरताच. हल्लीच्या काही चित्रकारांनी त्याला दुरून पुढे आणलं, आणि मग जमीनही पूर्वीसारखी दिसेना.

त्यांतले एक प्रभाकर पाचपुते १९८६ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीत जन्मले. गाव कोळसा खाणीला खेटून, घरच्या तीन पिढ्या खाणकामातल्या. उघड्या खाणीत वरची माती आणि दगड उपसल्याशिवाय कोळसा हाती लागत नाही. ती माती शेजारीच रचतात. सपाट मुलखात डोंगर उभे राहतात, शेताच्या जागी दरी पडते. निसर्गचित्राला लागणारं सगळं इथे आहे. फक्त ते यंत्रांनी घडवलेलं आहे.

पाचपुते खैरागढला शिल्पकला शिकले, नंतर बडोद्याला गेले. २०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचं ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे प्रदर्शन झालं. विषारी वायूचा सुगावा लागावा म्हणून पूर्वी खाणीत कॅनरी पक्षी नेत, त्यावरून हे नाव. पाचपुते थेट भिंतीवर कोळशाने चित्रं काढतात. चित्रकाराचा कोळसा जळक्या काड्यांचा असतो, खाणीतला दगडी नव्हे. तरी हात काळे व्हायचे ते होतातच. त्यांच्या माणसांना कधी डोक्याच्या जागी भलतीच वस्तू असते. सुरुवातीला हे गमतीचं वाटतं. थोडा वेळ उभं राहिलं की लक्षात येतं, कामाने माणसाचं काय होतं याचा तो रोखठोक हिशेब आहे. आणि प्रदर्शन संपलं की भिंतीवरचं चित्र पुसलं जातं. खाणीसाठी हलवलेल्या गावांशी हे माध्यम मला फार प्रामाणिक वाटतं.

कार्डिफच्या ‘आर्टेस मुंडी’ प्रदर्शनासाठी त्यांनी वेल्सच्या खाणकामगारांचे जुने मोर्चाचे फलक अभ्यासले. २०२१ मध्ये तिथला पुरस्कार निवडलेल्या सहाही कलावंतांना मिळून दिला गेला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या बिएनालेत त्यांचं काम होतं.

सुधीर पटवर्धन यांची जमीन निराळी, शहरातली. पेशाने ते क्ष-किरणतज्ज्ञ होते. ठाण्यात वर्षानुवर्षं दवाखाना चालवला आणि चित्रंही काढली. ‘पोखरण’, ‘उल्हासनगर’, ‘लोअर परळ’ ही चित्रांची नावं लोकलच्या वेळापत्रकातून किंवा बसच्या पाटीवरून उचलल्यासारखी. त्यांच्या शहरचित्रांत बघणारा एका जागी उभा नसतो. पुलावरून खाली, गल्लीतून वर, खिडकीतून आत अशा अनेक नजरा एकाच फलकात येतात. गिरणगाव रोज बघणाऱ्याला ते तसंच दिसतं: गिरणीची चिमणी अजून डोळ्यांत असते, तेवढ्यात समोर टॉवर चढलेला असतो. परदेशी कलाबाजारात खपेल अशी ‘मुंबई’ त्यात नाही, हे मला त्यांचं मोठं बळ वाटतं.

पटवर्धनांनी २००८ च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचं फिरतं प्रदर्शन मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरांत नेलं होतं. मूळ चित्रं हलवायची म्हणजे विमा, पेट्या, ट्रक असा खर्च. पाचपुत्यांच्या भिंतचित्रांना एवढं काही लागत नाही. सास्तीजवळच्या राजुऱ्यातल्या एखाद्या शाळेने भिंत दिली, तर कार्डिफ-व्हेनिसला पोचलेल्या चित्रकाराचं काम सास्तीच्या लोकांना घराजवळच बघता येईल.