मैत्रीं भजत
मैत्रीं भजत : युद्धत्यागाचे व विश्वमैत्रीचे आवाहन करणारी आधुनिक संस्कृत गेय रचना. कांची कामकोटी पीठाचे अडुसष्टावे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती (१८९४–१९९४) हे तिचे कर्ते असून तिला चाल मराठी संगीतकार वसंत देसाई (१९१२–७५) यांनी दिली. संयुक्त राष्ट्रदिनानिमित्त २३ ऑक्टोबर १९६६ रोजी न्यूयॉर्क येथे, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सभागृहात, एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी (१९१६–२००४) यांनी ती प्रथम गायिली. ऊ थांट हे त्या वेळी महासचिव होते. भारत-पाकिस्तान युद्धास (१९६५) जेमतेम एक वर्ष लोटले होते आणि व्हिएटनाममधील युद्ध भडकत होते.

या रचनेस सामान्यतः प्रार्थना म्हटले जात असले, तरी तिची क्रियापदे बहुतांशी आज्ञार्थी व द्वितीयपुरुषी अनेकवचनी आहेत. ती देवाला नव्हे, तर माणसांना उद्देशून आहेत. मराठी वाचकास या ठिकाणी ज्ञानेश्वरीच्या (१२९०) अखेरीस येणारे पसायदान सहजच आठवते. तेथेही परस्परमैत्रीची आकांक्षा आहे. परंतु ज्ञानेश्वर ती विश्वात्मक देवाकडे मागतात, तर येथे ती माणसांचे कर्तव्य म्हणून सांगितली आहे. मैत्रीने सर्वांची हृदये जिंकावीत व दुसऱ्यास आपल्यासारखेच पाहावे, असे सांगून कवी तीन गोष्टींचा त्याग करावयास लावतो : युद्ध, स्पर्धा आणि परक्यांवरील अन्याय्य आक्रमण. युद्ध आणि आक्रमण यांच्यामध्ये स्पर्धेला दिलेले स्थान अर्थपूर्ण होय. पृथ्वी ही सर्व गरजा पुरविणारी माता व ईश्वर हा दयाळू पिता असल्याने भांडणास कारणच उरत नाही, हा त्यामागील युक्तिवाद आहे. पुढे बृहदारण्यकोपनिषदातील दम, दान व दया ही शिकवण येते आणि सर्व जनांच्या कल्याणाच्या इच्छेने रचना संपते.

वसंत देसाई यांचा जन्म कोकणातील सोनवडे (ता. कुडाळ) येथला. ‘प्रभात’च्या मुशीत घडलेल्या या संगीतकाराने व्ही. शांताराम यांच्या डॉ. कोटणीस की अमर कहानी (१९४६) या चित्रपटास संगीत दिले होते. चीन-जपान युद्धातील जखमींची शुश्रूषा करून १९४२ मध्ये चीनमध्येच मृत्यू पावलेल्या सोलापूरच्या डॉक्टरांची ती कथा होय. दो आँखें बारह हाथ (१९५७) या चित्रपटातील त्यांची प्रार्थना पुढे देशभरातील शाळांत म्हटली जाऊ लागली. शालेय मुलांच्या मोठ्या समुदायांकडून समूहगान बसविण्याचे कामही त्यांनी हौसेने केले. अनेक कंठांना एकत्र म्हणता येईल अशी चाल बांधण्याची ही सवय मैत्रीं भजतमध्ये उपयोगी पडलेली दिसते. चरण आखूड आहेत, ताना व स्वरविस्तार यांना फारसा वाव नाही आणि प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो. सुब्बुलक्ष्मींसारख्या गायिकेनेही तो साधेपणा राखला, हे विशेष होय.

पाश्चात्त्य संगीतात याच सुमारास निर्माण झालेली बेंजामिन ब्रिटनची वॉर रेक्विएम (१९६२) ही वृंदगानरचना तुलनेस घेण्यासारखी आहे. १९४० मध्ये बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्री कॅथीड्रलच्या नव्या वास्तूसाठी ती रचली गेली. लॅटिन मृतशांतिपाठाच्या जोडीने तीत पहिल्या महायुद्धात, युद्धबंदीपूर्वी अवघा एक आठवडा, मारल्या गेलेल्या विल्फ्रेड ओएनच्या कविता आहेत. इंग्रज, जर्मन व रशियन असे तीन प्रमुख गायक ब्रिटनने योजिले होते. पण सोव्हिएट शासनाने गालिना व्हिश्नेव्हस्काया हिला प्रथम प्रयोगासाठी जाऊ दिले नाही. ब्रिटन मृतांना बोलते करतो. मैत्रीं भजतमध्ये मृतांचा उल्लेखच नाही, शत्रूचाही नाही. त्यामुळे ती कोणत्याही एका युद्धाशी बांधली गेली नाही. मात्र ज्यांच्यापुढे ती गायिली गेली त्या राष्ट्रप्रतिनिधींना तिची आज्ञा स्वतःला लागू न करताही तिला दाद देता येण्याजोगी होती, ही तिची मर्यादाही म्हणावी लागेल.

सुब्बुलक्ष्मी पुढे आपल्या अनेक मैफलींची सांगता या रचनेने करीत. शाळांतून व सांस्कृतिक संस्थांतून ती आता बहुधा समूहानेच गायिली जाते. गाणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती चाल एका कोकणी खेड्यात जन्मलेल्या संगीतकाराची आहे, हे ठाऊक नसते.